भाव दिसला ४१२.४०, पडला ४१२.९१: मधले ५१ पैसे गेले कुठे आणि समोर होतं कोण?

प्रश्न थोडक्यात असा: एका मधल्या आकाराच्या कंपनीचे ५०० शेअर मोबाईलवरून 'मार्केट' ऑर्डर टाकून घेतले. बटण दाबलं तेव्हा स्क्रीनवर ४१२.४० होते, ऑर्डर पूर्ण झाली ४१२.९१ च्या सरासरीने. ब्रोकरने मधले पैसे मारले का? आपल्याला शेअर विकले ते नक्की कोणी? आणि 'मोठे लोक बाजार चालवतात' असं सगळे म्हणतात, ते मोठे लोक कोण?

तीस वर्षांहून जास्त काळ दलाली पेढ्यांच्या डीलिंग रूममध्ये काढलाय, म्हणून आधी सरळ उत्तर देतो. ब्रोकरने मारले नाहीत. तुम्हाला घाई होती आणि तुम्ही घाईचे पैसे मोजले. ते पैसे ज्याला घाई नव्हती त्याच्या खिशात गेले. 'मोठे लोक' कोण, हा प्रश्नही शेवटी इथेच येऊन पोचतो, पण त्यासाठी आधी तुमच्या ऑर्डरचं काय झालं ते जवळून पाहू.

स्क्रीनवरचे ४१२.४० म्हणजे शेवटचा सौदा ज्या भावाला झाला तो आकडा. तो होऊन गेलेला आहे. त्या भावाला आता कोणी विकायला उभा आहे असं त्यातून अजिबात कळत नाही. कोण उभा आहे ते 'मार्केट डेप्थ'मध्ये दिसतं. बहुतेक ॲपमध्ये भावावर बोट ठेवलं की उघडतं, आणि बहुतेक लोक ते कधी उघडत नाहीत. डावीकडे घेणाऱ्यांची रांग, उजवीकडे विकणाऱ्यांची. तुम्ही दिलेल्या सौद्यांच्या तपशिलावरून त्या क्षणी उजवी रांग अशी होती: ४१२.६० ला ३५ शेअर, ४१२.७५ ला १२०, आणि ४१३ ला बरेच. डावीकडे सगळ्यात वरचा घेणारा समजा ४१२.२० ला असेल. म्हणजे ४१२.४० ला दोन्ही बाजूंना कोणीच नव्हतं.

'मार्केट' ऑर्डर म्हणजे 'मिळेल त्या भावाने द्या, पण आत्ता द्या'. यंत्राने तेच केलं. आधी ४१२.६० चे ३५ उचलले, मग ४१२.७५ चे १२०, उरलेले ३४५ घेतले ४१३ ला. बेरीज होते २,०६,४५६ रुपये, सरासरी ४१२.९१. मनातल्या भावापेक्षा २५६ रुपये जास्त. याच खरेदीवर एसटीटी, म्हणजे शेअरच्या सौद्यावरचा सरकारी कर, लागला ०.१ टक्का, म्हणजे २०६ रुपये. एसटीटीवर लोक तावातावाने बोलतात, आणि त्याहून मोठा खर्च न बोलता भरतात. आम्ही त्याला इम्पॅक्ट कॉस्ट म्हणतो. रिलायन्स किंवा एचडीएफसी बँकेसारख्या शेअरमध्ये ५०० ची ऑर्डर गेली तर रांगेला कळतही नाही. पातळ शेअरमध्ये, म्हणजे ज्यात घेणारे-विकणारे कमी त्यात, मात्र तुमच्यासारख्या ऑर्डरनेच भाव वर जातो.

यंत्राचा नियम एवढाच आहे: आधी भाव, मग वेळ. विकणाऱ्यांत जो सगळ्यात स्वस्त, त्याचा नंबर पहिला. दोघांचा भाव सारखा असेल तर ज्याची ऑर्डर आधी पोचली तो पुढे. दहा शेअरवाल्या शिक्षिकेची ऑर्डर सेकंदाच्या अंशाने आधी पोचली असेल, तर दहा लाख शेअरवाला फंड तिच्या मागे उभा राहतो. ऑर्डर बदलून प्रमाण वाढवलं किंवा भाव बदलला, की नंबर जातो, पुन्हा शेवटून उभं राहायचं. रेशनच्या रांगेत पिशवी ठेवून चहाला जाता येत नाही, तसंच. एक मेख आहे. 'डिस्क्लोज्ड क्वांटिटी' टाकून मोठी ऑर्डर लपवता येते, रांगेत फक्त तिचा एक भाग दिसतो. त्यामुळे डेप्थमध्ये ५०० दिसले तर मागे ५,००० नसतीलच असं धरून चालू नका.

आता समोर कोण होतं. मी या धंद्यात आलो तेव्हा हा प्रश्न कोणाला पडलाच नसता, कारण समोरचा डोळ्यांना दिसायचा. दलाल स्ट्रीटच्या रिंगमध्ये, म्हणजे सौदे तोंडी होत त्या दालनात, एकेका शेअरचे जॉबर ठरलेल्या जागी उभे असत. जुने लोक त्यांना तारवणीवाला म्हणत. आपण भाव विचारायचा, घ्यायचं की विकायचं हे सांगायचं नाही. तो दोन भाव बोलायचा, घेण्याचा आणि विकण्याचा. मधला फरक त्याची भाकरी. सौदा झाला की दोघांनी आपापल्या छोट्या वहीत पेन्सिलीने खरडायचं आणि संध्याकाळी दोन्ही वह्या जुळवायच्या. जुळल्या नाहीत की वांधा. मी तेव्हा पेढीत नवीन पोरगा, गिरगावातून चालत यायचो, आणि माझं अर्धं काम वांधे सोडवण्याचं होतं. सोडवणं म्हणजे काय, तर समोरच्या पेढीतल्या माझ्यासारख्याच पोराबरोबर चहा प्यायचा आणि कोणाची वही खोटी ते ठरवायचं.

हे रम्य वाटतं, पण गिऱ्हाइकासाठी नव्हतं. सांगलीचा माणूस ट्रंककॉल करून ऑर्डर द्यायचा. त्याचा सौदा दुपारी बाराला कोणत्या भावाने झाला हे तपासायचा मार्गच नव्हता. दिवसाचा वरचा आणि खालचा भाव दुसऱ्या दिवशी पेपरात यायचा, आणि खरेदी केलेल्याला वरच्याच्या जवळचा भाव लागायचा, विकलेल्याला खालच्याच्या. सगळे तसं करत नव्हते. करणारे मात्र पुष्कळ होते, आणि ज्याने केलं त्याला पकडायला काही हत्यार नव्हतं. तुमचा '५१ पैसे मारले का' हा प्रश्न त्या काळात अगदी रास्त होता.

१९९२ साली सेबीला, म्हणजे बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी नियामकाला, कायद्याचे अधिकार मिळाले, त्याच वर्षी नॅशनल स्टॉक एक्स्चेंज (एनएसई) ही कंपनी स्थापन झाली, आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये तिथे शेअरचे सौदे स्क्रीनवर सुरू झाले. रिंग नव्हतीच. गच्चीवर उपग्रहाची छत्री लावायची आणि गावातून थेट ऑर्डर टाकायची. सांगलीच्या दलालाची ऑर्डर आणि फोर्टमधल्या दलालाची ऑर्डर एकाच रांगेत, एकाच नियमाने. १८७५ पासून चालत आलेल्या मुंबई शेअर बाजारालाही (बीएसई) १९९५ मध्ये 'बोल्ट' ही स्वतःची स्क्रीन आणावी लागली. रिंगमधला आरडाओरडा बघता बघता थांबला.

टर्मिनलवर एफ-१ दाबलं की खरेदीची निळी खिडकी, एफ-२ ला विक्रीची लाल. पहिल्या काही महिन्यांत एकदा मी विकायच्या जागी एफ-१ दाबून हजार शेअर घेऊन बसलो. रिंगमध्ये असतो तर 'शेठ, चुकलं, जाऊ द्या' म्हणालो असतो आणि बहुधा गेलंही असतं. स्क्रीनला कोण शेठ म्हणणार? समोर कोण आहे हेच दिसत नव्हतं. तो तोटा माझ्या पगारातून चार महिने कापला गेला. तेव्हापासून किबोर्डवर बोट ठेवताना आधी खिडकीचा रंग बघायची सवय लागली, ती घरच्या लॅपटॉपवरही सुटलेली नाही.

समोरचा दिसत नाही, ही या बाजाराची उणीव नसून मुद्दाम केलेली रचना आहे. रिंगमध्ये अमुक पेढीचा माणूस घ्यायला आलाय एवढं दिसलं तरी भाव सरकायचा. स्क्रीनवर नावच नाही, फक्त भाव आणि प्रमाण. पण मग अनोळखी माणसाशी व्यवहार करायचा तर त्याने शेअर दिलेच नाहीत तर काय?

यासाठी मधे क्लिअरिंग कॉर्पोरेशन बसते. सौदा जुळला की कायद्याने ती दोघांच्या मधे येते: विकणाऱ्याकडून घेणारी ती, तुम्हाला विकणारीही तीच. म्हणून 'मला कोणी विकले' याचं काटेकोर उत्तर 'क्लिअरिंग कॉर्पोरेशनने' असंच आहे. समोरचा बुडाला तरी तुमचा सौदा बुडत नाही. ती हे कशाच्या जोरावर करते? मार्जिनच्या, म्हणजे आधीच घेतलेल्या ठेवीच्या. ऑर्डर बाजारात पोचण्याआधीच ब्रोकरचं यंत्र तुमच्या खात्यात पुरेसे पैसे किंवा शेअर आहेत का ते तपासतं, आणि ब्रोकरने स्वतःही आधीच रक्कम ठेवलेली असते. तरीही विकणाऱ्याने शेअर दिले नाहीत तर लिलाव होतो, बाजारातून ते शेअर घेऊन तुम्हाला दिले जातात आणि फरकाचा भुर्दंड दंडासकट न देणाऱ्यावर.

शेअर हातात येण्याची गोष्टही बदलली. पूर्वी कागदी सर्टिफिकेट यायचं, त्याबरोबर हस्तांतरणाचा फॉर्म, आणि कंपनीच्या दफ्तरातल्या सहीशी सही जुळली नाही की 'बॅड डिलिव्हरी' म्हणून परत. काही गठ्ठे महिनोन्‌महिने मुंबईत फिरत असत. १९९६ मध्ये डिपॉझिटरी कायदा झाला, शेअरची नोंद संगणकावर सांभाळणारी एनएसडीएल आली, १९९९ मध्ये तशीच दुसरी, सीडीएसएल आली, शेअर कागदावरून डीमॅटमध्ये गेले. २००१ मध्ये बदला, म्हणजे पैसे न चुकवता सौदा पुढे ढकलायची पद्धत, बंद झाला आणि प्रत्येक दिवसाचा हिशेब ठरावीक दिवसांत मिटवायची पद्धत लागू झाली: आधी पाच दिवसांनी, मग तीन, २००३ पासून दोन. जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरचा हिशेब दुसऱ्याच दिवशी मिटतो. अमेरिका या टप्प्यावर मे २०२४ मध्ये पोचली.

आता रांगेत उभी असलेली माणसं. त्यांची वर्गवारी लोक पैशाच्या आकारावरून करतात. मी घाईवरून करतो, कारण भावाला पैशाचा आकार कळत नाही, घाई कळते.

तुमच्या पहिल्या ३५ शेअरचा विकणारा बहुधा तुमच्यासारखाच कोणी असेल. मुलीच्या फीसाठी विकणारा, किंवा ४१२.६० आले की सुटतो म्हणून सकाळी ऑर्डर लावून ऑफिसला गेलेला. अशा आकड्याला सहसा माणूसच असतो. २०२२ साली देशातली डीमॅट खाती दहा कोटींच्या पुढे गेली, त्यामुळे ही गर्दी आता छोटी राहिलेली नाही.

मधले १२० कदाचित एखाद्या प्रोप्रायटरी पेढीच्या प्रोग्रामचे. या पेढ्या स्वतःच्या पैशाने, स्वतःसाठी सौदे करतात. त्यांचा प्रोग्राम ४१२.२० ला घ्यायला आणि ४१२.७५ ला विकायला एकाच वेळी उभा असतो आणि भाव हलला की ऑर्डर हलवतो. हा जुना तारवणीवालाच, फक्त आता त्याची वही सर्व्हरमध्ये आहे आणि तो सर्व्हर एक्स्चेंजच्याच इमारतीत भाड्याच्या जागेत ठेवलेला असतो, त्याला को-लोकेशन म्हणतात. तुमची ऑर्डर डोळ्याची पापणी लवायच्या आत जाते असं तुम्हाला वाटतं, तेवढ्या वेळात त्याच्या शेकडो ऑर्डरी येऊन गेलेल्या असतात. या सोयीचा सगळ्यांना सारखा लाभ मिळाला का, यावर एनएसईमध्ये मोठं प्रकरण झालं आणि वर्षानुवर्षं चाललं. तरी दिवसाला पाच-पन्नास शेअर घेणाऱ्याचं या प्रोग्रामांनी नुकसानच केलं असं मी म्हणणार नाही. मोठ्या शेअरमध्ये घेण्या-विकण्याच्या भावातलं अंतर आज अगदीच किरकोळ उरलंय, रिंगमध्ये तेवढ्यात कोणी तोंडही उघडलं नसतं.

याच जातीचे आणखी एक गृहस्थ म्हणजे आर्बिट्राजवाले. बीएसई आणि एनएसई यांच्या रांगा वेगवेगळ्या आहेत, तरी दोन्हीकडे भाव जवळपास सारखा का दिसतो? कारण खर्च निघेल एवढा काही पैशांचा फरक पडला की हे एकीकडे घेतात, दुसरीकडे विकतात आणि फरक बुजतो.

४१३ ला जो मोठा ढीग होता, तो मात्र संस्थेचा असू शकतो. म्युच्युअल फंड, एलआयसी, परदेशी गुंतवणूकदार. परदेशी संस्थांना आपल्याकडे १९९२ पासून प्रवेश आहे. यांची अडचण तुमच्या उलट आहे. पाच लाख शेअर विकायचे असतील आणि तुमच्यासारखं 'मार्केट' दाबलं, तर स्वतःच्याच विक्रीने भाव पाडून ठेवतील. म्हणून त्यांचा डीलर दिवसभर थेंब थेंब सोडतो. मी अशा डेस्कवर काही वर्षं होतो. फंड मॅनेजरची ऑर्डर सकाळी नऊला यायची आणि साडेतीनला बाजार बंद झाल्यावर हिशेब व्हायचा, की दिवसाच्या सरासरी भावाच्या तुलनेत आम्ही किती पैशांनी बरे किंवा वाईट. त्या पैशांवरून शिव्या खाल्ल्यात.

संध्याकाळी बातम्या येतात, 'परदेशी संस्थांनी इतक्या हजार कोटींची विक्री केली'. त्या विक्रीतला प्रत्येक शेअर त्याच दिवशी कोणीतरी घेतलेला असतो, हे विसरू नका. पूर्वी घेणारा कमी पडायचा म्हणून बाजार धाडकन खाली यायचा. आता दरमहा एसआयपीतून येणारा पैसा २०२४ मध्ये वीस हजार कोटींच्या वर गेला, आणि तो फंडांमार्फत समोर उभा असतो.

मग बाजार 'चालवणारे' नाहीतच का? निफ्टी, म्हणजे एनएसईवरच्या मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, कोणी एका खोलीत बसून चालवत नाही. छोट्या, कमी शेअर फिरत असलेल्या कंपन्यांत मात्र ऑपरेटर असतो आणि त्याची पद्धत तीच ती आहे. आपल्याच चार-सहा खात्यांत शेअर इकडून तिकडे फिरवायचे, भाव रोज पाच टक्क्यांच्या वरच्या सर्किटला, म्हणजे दिवसात त्याला चढता येतं त्या मर्यादेला, लावायचा. उजवी रांग रिकामी दिसते, मिळत नाही म्हणून लोकांचा जीव खालीवर होतो. मग टेलिग्रामवर 'टिप' सुटते, आणि ज्या दिवशी तुम्हाला शेअर सहज मिळतो त्या दिवशी तो ऑपरेटरनेच विकलेला असतो. सेबी आणि एक्स्चेंज असे शेअर देखरेखीच्या यादीत टाकतात, दंड करतात, बंदी घालतात, पण बऱ्याचदा वरात गेल्यावर घोडं येतं.

घाईने काय होतं याचा सगळ्यात मोठा नमुना ५ ऑक्टोबर २०१२ चा. एका दलाली पेढीतून चुकीच्या विक्री-ऑर्डरी गेल्या, साडेसहाशे कोटींच्या वर. यंत्राने तुमच्या ऑर्डरचं केलं तेच केलं: डावी रांग वरून खाली खात गेलं. निफ्टी क्षणात पंधरा टक्क्यांहून जास्त घसरला. बातमी नाही, युद्ध नाही, फक्त रांग संपली. सौदे रद्द झाले नाहीत. ज्यांनी पुष्कळ खाली खरेदीच्या ऑर्डरी लावून ठेवल्या होत्या, त्यांची त्या मिनिटात चांदी झाली.

घाबरलेल्या गर्दीला श्वास घ्यायला वेळ मिळावा म्हणून निर्देशांकाला १०, १५ आणि २० टक्क्यांवर ब्रेक आहेत. १३ मार्च २०२० ला बाजार उघडताच दहा टक्के पडून थांबला, पाऊण तासाने पुन्हा सुरू झाला आणि त्याच संध्याकाळी वर बंद झाला. २३ मार्चला पुन्हा ब्रेक लागला, तेव्हा मात्र थांबूनही उपयोग झाला नाही, निफ्टी तेरा टक्के पडून बंद झाला.

तुम्ही विचारलं नाहीत, पण फ्युचर-ऑप्शनचं, म्हणजे शेअर न घेता त्याच्या पुढच्या भावावर केलेल्या सौद्यांचं, सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तुमच्या ॲपमध्ये ते बटण शेजारीच आहे. तिथे घाई दहापट महाग पडते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले: आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत या व्यवहारांतल्या ९३ टक्के व्यक्तींनी तोटा केला, सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. समोरच्या बाजूला नफा होता प्रोप्रायटरी पेढ्यांना आणि परदेशी संस्थांना, आणि त्या नफ्याचा ९५ टक्क्यांहून जास्त भाग प्रोग्रामने केलेल्या सौद्यांतून आला. 'मोठे लोक' शोधायचेच असतील तर ते तिथे आहेत, आणि त्यांना कट करायची गरज पडलेली नाही.

पुढच्या वेळी 'मार्केट'ऐवजी 'लिमिट', म्हणजे 'या भावाच्या वर नको', निवडा आणि डेप्थ उघडून भाव लिहा. ४१२.६० लिहिलं असतंत तर ३५ लगेच मिळाले असते आणि उरलेले ४६५ डाव्या रांगेत सगळ्यात पुढे उभे राहिले असते. मिळाले असते की नाही, सांगता येत नाही, भाव निघूनही गेला असता. पातळ शेअर असेल तर सकाळी सव्वानऊच्या पहिल्या काही मिनिटांत शिरू नका, तेव्हा दोन भावांतलं अंतर रुंद असतं. आणि ब्रोकरवर अजूनही संशय असेल तर ॲपमधलं ट्रेडबुक उघडा: ३५, १२० आणि ३४५ असे तीन सौदे, प्रत्येकाला नंबर आणि सेकंदापर्यंतची वेळ. ते नंबर एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर टाकून तपासता येतात. भाव जुळेल. समोरच्याचं नाव तिथेही मिळणार नाही.